अर्धा ठोका उशिरा

पूल देवीला नाही म्हणाला, तेव्हा मी सोलकढीसाठी नारळ खवत होते. फोन थरथरला, पडद्यावर तांबडी पट्टी उमटली आणि तिच्याखाली जुळ्याचं नेहमीचं कोरडं वाक्य आलं: "नियोजित भार असुरक्षित. फाटक उघडणार नाही." जुळा असाच बोलतो. त्याच्याकडे दयामाया नाही आणि खोडसाळपणाही नाही, हे मी खात्रीने सांगू शकते, कारण त्याला बोलायला शिकवणाऱ्यांपैकी मी एक आहे.

ज्यांच्या गावात जुळा अजून पोहोचला नसेल त्यांच्यासाठी सांगते. २०३८ साली कायदा झाला, तेव्हापासून प्रत्येक सार्वजनिक पुलाची, सभागृहाची, पाण्याच्या टाकीची एक गणिती प्रतिकृती संगणकात अखंड चालू असते, तोच जुळा. खऱ्या पुलाच्या तारांवर आणि फळ्यांवर बसवलेले संवेदक क्षणोक्षणी कळवतात, की कुठे किती ताण आहे, कुठला भाग किती हलतोय. संगणकातला पूल हे ऐकतो आणि खऱ्या पुलाच्या पुढे धावतो. पुढच्या काही मिनिटांत काय काय घडू शकेल, त्याच्या हजारो शक्यता तो सोडवून पाहतो. पूल मर्यादेबाहेर हलेल असं दिसलं की फाटक आपोआप बंद होतं.

लोकांनी सुरुवातीला खूप शिव्या घातल्या. लग्नाच्या हॉलमध्ये नाच ऐन रंगात आला की जुळा बाज्याचा आवाज परस्पर खाली आणायचा, आणि नवरदेवाचे मित्र व्यवस्थापकाच्या अंगावर धावून जायचे. मग हळूहळू पूल पडल्याच्या, गॅलरी कोसळल्याच्या बातम्या यायच्या बंद झाल्या आणि लोक गप्प बसले. आता "जुळा नाही म्हणतोय" म्हटलं की विषय संपतो. माणसांची भांडून काही ठरवायची सवयच मोडत चाललीय, हे मला अधूनमधून खटकतं, पण माझा पगार त्यावरच येत असल्यामुळे मी फार बोलत नाही. जिल्ह्यातल्या सगळ्या झुलत्या पुलांच्या जुळ्यांची देखभाल मी घरी बसून करते. आमच्या ओटीवरून दिसणारा खाडीवरचा पूल हा त्यांतलाच एक.

खाडीच्या अलीकडे उंबरवणे, ते माझं सासर. पलीकडे खारशेत, माझं माहेर. उंबरवण्याची नवलाई आणि खारशेतची सोमजाई या सख्ख्या बहिणी, असं दोन्ही गावं मानतात. शिमग्यात दोघींच्या पालख्या ओहोटीच्या वेळी खाडीतल्या वाळूच्या पट्ट्यावर भेटायच्या. आमच्याकडे पालखी नुसती वाहून नेत नाहीत, नाचवतात. दांडा खांद्यावर घेऊन गुडघ्यांत वाकायचं, ढोलाच्या ठोक्याला पालखी खाली, मग पुन्हा वर, आणि भोवतीचा सगळा गाव त्याच ठोक्यावर उड्या मारत असतो. लहानपणी मी तापाने फणफणलेली असतानाही तिथे गेल्याचं आई सांगते.

एका वर्षी भेटीच्या वेळी नवलाई वर होती तेव्हा सोमजाई खाली होती, आणि कुणीतरी म्हणालं, धाकटीने वाकायलाच पाहिजे. आता धाकटी कोण यावर दोन गावांचं कधीच एकमत नव्हतं. मारामारी झाली. माझा भाऊ रूपेशदादा सोमजाईच्या पालखीच्या पुढच्या दांड्याला होता, त्याच्या कपाळाला मोठी खोक पडली. शेवटी तहसीलदारांसमोर तह झाला: दोन्ही पालख्या एकाच वेळी खाली, एकाच वेळी वर, उंची सारखी. कुणी कुणापुढे वाकायचं नाही. त्यावर सगळे खूश झाले आणि लगेच ढोल कुणाचा वाजवायचा यावरून पुन्हा बिनसलं. एवढ्यात समुद्र चढत चढत तो वाळूचा पट्टाच पाण्याखाली गेला. भेट थांबली ती थांबलीच.

या सगळ्या धामधुमीत मी उंबरवण्याच्या निलेश धनावडेशी लग्न ठरवून बसले होते. लग्नाचा हॉल चिपळूणला होता म्हणून दादा लग्नाला आला. पण उंबरवण्यात पाऊल टाकणार नाही म्हणाला, आणि आमच्या घराण्यात शब्द पाळायची भलती हौस आहे. माझी मुलगी कॉलेजला गेली तरी दादाने माझं घर पाहिलेलं नाही. मी माहेरी गेले की तो स्वतः खाडीतून तिसऱ्या शिंपल्या काढून आणतो, वहिनीला माझ्या आवडीचं करायला लावतो, निघताना धक्क्यापर्यंत पोहोचवायला येतो. होडीत मात्र बसत नाही. मला याचं किती वाईट वाटतं ते मी त्याला पुष्कळदा सांगितलंय, आणि तो पुष्कळदा मान खाली घालून ऐकून घेतो.

दिवाळीनंतर पूल खुला झाला आणि देवींची भेट पुन्हा सुरू करायचं दोन्ही गावांनी ठरवलं. भेट पुलाच्या मधोमध, म्हणजे कुणाच्याच हद्दीत नाही, आणि तिथून सोमजाई बहिणीकडे पाहुणी म्हणून उंबरवण्यात येणार. अट एवढीच की जुना तह अक्षरशः पाळायचा. तशी योजना जुळ्याला कळवली गेली. दादाचाच फोन आला होता. "सोमजाय तकडं येनार म्हनजे मी तिच्यासंगती येनार," तो म्हणाला. "देवीला काय एकटी सोडायची?" त्या दिवसापासून मी त्याला काय काय करून घालायचं ते मनात ठरवत होते.

आणि आता फाटक उघडणार नव्हतं.

नारळ तसाच टाकून मी संगणकाशी बसले. प्रश्न झोपाळ्याचा होता. झोपाळ्यावरच्या पोराला ढकलताना आपण जोर लावत नाही, वेळ साधतो. झोपाळा मागे येऊन वळला की हलका धक्का, पुन्हा वळला की पुन्हा, आणि थोड्या वेळात पोर आढ्याला टेकायला येतं. डोलणाऱ्या प्रत्येक वस्तूची स्वतःची एक लय असते. तिचं वजन किती आणि तिला जागेवर परत ओढणारा ताण किती, यावर ती ठरते. बाहेरचे धक्के नेमके त्याच लयीत आले की प्रत्येक धक्क्याची भर आधीच्यावर पडत जाते, याला अनुनाद म्हणतात. त्याला आवर घालणारी गोष्ट एकच, अवमंदन: तारांचं घासणं, फळ्यांची कुरकुर, वाऱ्याचा विरोध, ज्यांत डोलण्याची ऊर्जा जिरून जाते. आमचा पूल नवा, हलका आणि नीट बांधलेला. कुरकुर कमी, म्हणून आवरही कमी.

समीकरण एका ओळीत मावतं. वस्तुमान गुणिले त्वरण, अधिक अवमंदन गुणिले वेग, अधिक ताठपणा गुणिले विस्थापन, बरोबर बाहेरचं बल. पण बाहेरचं बल म्हणजे नाचणारी दोन गावं असतील तर ते कागदावर सुटत नाही. मग संगणकातल्या गणिती प्रणालीत काळाचे बारीक तुकडे करायचे. या क्षणी पूल इथे आहे, अमुक वेगाने निघालाय, तर पुढच्या तुकड्याच्या शेवटी कुठे असेल? तिथून त्याच्या पुढचा तुकडा. असं पावला-पावलाने पुलाला चालवत न्यायचं.

यात एक फसगत असते. तुकडे मोठे घेतले आणि पद्धत भाबडी वापरली, तर प्रत्येक पावलाला थोडी ऊर्जा नुसत्या आकडेमोडीतच वाढते, आणि खरं तर शांत होत जाणारा डोल पडद्यावर वाढताना दिसतो. जुळ्याकडून हीच चूक झाली असेल अशी मला आशा होती. आशा कसली, मी नवसच बोलायची बाकी होते. तुकडे निम्मे केले, त्याच्याही निम्मे केले, पद्धत बदलली, ऊर्जेचा ताळा घेतला. आलेख तसूभरही बदलला नाही. ढोलाची लय आणि पुलाची वरखाली डोलायची लय जवळजवळ एकच होती. दोन्ही गावं एकदम खाली, एकदम वर, आणि मिनिटभरात पुलाच्या फळ्या माणसांना उडवू लागणार होत्या. जुळा खरं बोलत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्हीकडच्या प्रमुखांना पुलाच्या मधोमध बोलावलं. अजून कुणी कुणाच्या बाजूला जायला तयार नव्हतं, त्यामुळे बैठक हवेतच झाली म्हणायची. खारशेतकडून रूपेशदादा आला. उंबरवण्याकडून नवलाईचे मानकरी चंदूकाका, हे निलेशचे चुलते, म्हणजे माझे चुलत सासरे. त्यांच्यासमोर मी एरवी मोठ्याने बोलत नाही, त्या दिवशी बोलावं लागलं.

"मंग नाचवायची नाय म्हनतेस?" चंदूकाकांनी विचारलं.

"भेटीपुरती नुसती खांद्यावर स्थिर धरा, काका. नमस्कार झाला की पुढे व्हा."

"पालखी हाय ती," दादा म्हणाला. "मयत नाय, मुकाट्यानं न्यायला."

चंदूकाकांनी मान डोलावली. कित्येक वर्षांनी दोन गावांचं एकमत झालेलं मी पाहिलं, आणि तेही माझ्या विरोधात.

माणसं कमी आणा म्हटलं, तर घरी कुणाला बसवायचं ते तूच येऊन सांग म्हणाले. ढोल सावकाश वाजवा म्हटलं, तर सावकाश ढोलावर पाय उचलत नाही म्हणाले. मी त्यांना झोपाळ्याची गोष्ट सांगितली. दोघांनी ती शांतपणे ऐकली आणि दोघांनाही ती पूर्ण समजली, हे मला दिसत होतं. समजणं ही अडचणच नव्हती.

"तनू," दादा म्हणाला, "तुजा जुळा दोघींनाबी नाय म्हनतोय, ते खरं. पन परत फिरायचं कोनी? तुमची देवी आपल्या दारातच हाय. निघून आलेली ती आमची."

"दादा, माझ्या हातात असतं तर..."

"तुज्या हातात नाय म्हायत हाय मला. पन फाटकावरनं सोमजाय माघारी गेली, तर पुन्यांदा या पुलावर आमी यायचे नाय. मी तर नायच नाय."

तो रागावून बोलला असता तर बरं वाटलं असतं. त्याने हे अगदी हळू सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही.

दुपारभर मी त्या समीकरणाशी झुंजत होते. माणसांची जागा बदलून पाहिली, पुलाच्या तारांना जड वजनं टांगून पाहिली, ढोलाची लय जराशी पुढेमागे केली. कुठल्याच मार्गाने आलेख मर्यादेच्या आत येईना. निलेशने चहा आणून ठेवला आणि माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत राहिला. तो शाळेत इतिहास शिकवतो, माझ्या कामात कधी नाक खुपसत नाही.

"यातली आपली पालखी कुठली?" त्याने विचारलं.

"हे बल आहे ना, त्यात दोन्ही आल्या. एकीचं बल घेऊन दोनाने गुणलंय."

"म्हणजे दोघी वेगळ्या नाहीतच."

"तह आहे ना तुमचा. दोघी एकाच वेळी खाली, एकाच वेळी वर. वेगळ्या कशाला लिहू?"

हे बोलले आणि मी तशीच थांबले. कुणी न सांगता मी तहसीलदारांचा तह समीकरणात लिहून बसले होते. दुपारभर सगळं बदलून पाहिलं, वजनं, जागा, लय, पण दोघींना वेगळं करायचं माझ्या मनातच आलं नाही. या खाडीच्या काठावर वाढलेल्या माणसाच्याच हातून होईल अशी चूक होती ती. बाहेरच्या एखाद्या नवख्या अभियंत्याने दोन पालख्या आहेत म्हणून दोन बलं लिहिली असती आणि चहा प्यायला गेला असता.

मी बलाचे दोन भाग केले. एक नवलाईचं, एक सोमजाईचं. आणि दुसऱ्याला अर्धा ठोका उशीर दिला. नवलाई खाली जाते तेव्हा सोमजाई वर येते, सोमजाई खाली जाते तेव्हा नवलाई वर. दोघी एकमेकींच्या अगदी जवळ उभ्या असल्यामुळे एकीने पुलाला खाली ढकलावं तर नेमक्या त्याच क्षणी दुसरी त्याच्यावरचा भार हलका करणार. आलेख चालू केला. डोंगराएवढी वाढत जाणारी ती रेघ आता नुसती बारीकशी थरथरत आडवी निघाली होती. पुलाला एक उलटा डोलही असतो, अर्धा पूल वर आणि अर्धा खाली, म्हणून तोही तपासला. त्याची लय ठोक्यापासून बरीच लांब होती. ढोलवाल्यांचा ठोका मागेपुढे होईल, पाय चुकतील, हे सगळं घालून पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं. रेघ आडवीच राहिली. मी निलेशला मिठी मारली. त्याला काही कळलं नाही, पण त्याने तक्रार केली नाही.

संध्याकाळच्या आत पुन्हा पुलावर बैठक. यावेळी मी संगणक सोबत नेला. दोघांना दोन रेघा दाखवल्या, आधीची आणि आताची. चंदूकाकांनी चष्मा चढवून बराच वेळ पाहिलं.

"म्हनजे एक वर असताना दुसरी खाली," ते म्हणाले. "ज्याच्यापायी डोकी फुटली तेच करायला सांगतेस, सूनबाई."

"तेच सांगतेय, काका. पण आळीपाळीने. आणि ढोल दोघांचेही वाजतील. तुमचा ठोका पडला की नवलाई वाकेल, दोन ठोक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत यांचा ढोल पडेल, तेव्हा सोमजाई वाकेल. जो तो आपल्याच ढोलावर वाकणार."

ढोलाचं ऐकून दोघांच्याही चेहऱ्यावर थोडं समाधान दिसलं. मग दादाने ज्या प्रश्नाची मला धास्ती होती तोच विचारला. "पैली खाली कोन?"

याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. दोनदा गणित चालवून दाखवलं, एकदा सुरुवात नवलाईने करून, एकदा सोमजाईने. सुरुवातीला दोन रेघा वेगळ्या दिसतात. पण अवमंदन सुरुवातीचा परिणाम हळूहळू पुसून टाकतं. काही ठोक्यांनंतर दोन्हींचा डोल सारखाच झाला, कुणी सुरू केलं हे सांगता येईना. "सुरुवात कुणीही करा," मी म्हटलं. "थोड्या वेळाने पुलाला ते कळतसुद्धा नाही."

"पुलाला कळत नाय," दादा म्हणाला. "गावाला कळतं."

मी संगणक मिटला. खाली पाण्यातून एक होडी गेली, तिच्यातल्या माणसाने आमच्याकडे पाहून हात केला, कुणीच त्याला उलट हात केला नाही. शेवटी चंदूकाका चष्मा खिशात ठेवत म्हणाले, "कोन आधी, ते त्या टायमाला बघू." दादा म्हणाला, "बघू." आमच्या भागात एखादी गोष्ट पक्की झाली असं समजायचं ते याच शब्दावरून. किंवा फिसकटली असं. नक्की कुठलं, ते मला कळलं नाही.

मी नवी योजना माझ्या नावाने जुळ्याला दिली. त्याने ती हजारो वेळा चालवून पाहिली आणि पट्टी हिरवी झाली. खाली एक ओळ होती: "ठोके एकत्र येऊन पट्टी तांबडी झाल्यास भोंगा वाजेल." अरुंद पुलावर दोन गावं दाटीवाटीने उभी असताना भोंगा वाजला तर काय होईल, हे मला जुळ्याने सांगायची गरज नव्हती. पूल टिकेल, पण पळापळीत माणसं तुडवली जातील. शिवाय पुन्हा कधी कुणी भेटीचं नाव काढणार नाही. दादा तर नाहीच.

भेटीच्या दिवशी उन्हं कलायला लागली तेव्हा दोन्ही फाटकं उघडली. अलीकडून गुलाल उधळत नवलाई निघाली, पलीकडून सोमजाई. मी मधोमध कठड्याला धरून उभी होते, फोन हातात. दोन पालख्या समोरासमोर आल्या आणि काही पावलांच्या अंतरावर थांबल्या. पुढच्या दांड्याला इकडे चंदूकाका, तिकडे दादा. चंदूकाकांचं पालखीला खांदा द्यायचं वय उलटून गेलंय, पण आज ते कुणाचं ऐकत नव्हते.

ढोल थांबले. दोन्ही ढोलवाल्यांनी टिपरं उचलून धरलं आणि एकमेकांकडे पाहत राहिले. कुणीच सुरुवात करेना. एवढी माणसं, आणि पुलाखालच्या पाण्याचा आवाज ऐकू येत होता. मला वाटलं, मोडलं सगळं. आता कुणीतरी म्हणणार, आधी त्यांनी वाकायचं.

मग दोन्ही ढोल एकाच क्षणी वाजले.

दोन्ही पालख्या एकदम खाली गेल्या. नेहमीसारखं गुडघ्यांत वाकून नव्हे, पार खाली, पुढचे खांदेकरी फळ्यांना टेकेपर्यंत. दोघी बहिणींचे चांदीचे मुखवटे एकमेकींसमोर झुकले. दोन्ही गावांतून एकच हुंदक्यासारखा आवाज उठला. पालख्या वर आल्या, पुढचा ठोका पडला, पुन्हा दोघी एकदम वाकल्या. मी जन्मात इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं, आणि तेच आम्हाला धोक्यात घालत होतं. लोक रडत होते, हात जोडत होते, त्याच ठोक्यावर नाचत होते. थांबवायचं कुणाच्या डोक्यातही येणार नव्हतं.

पायाखालची फळी वर आली, खाली गेली, पुढच्या वेळी जरा जास्त. फोनवरची रेघ चढत होती, पट्टी हिरव्याची पिवळी झाली होती. मी माणसांना ढकलत दादापर्यंत पोहोचले. त्याचे डोळे वाहत होते.

"दादा, तुझा ढोल अर्धा ठोका थांबव. दोघे एकदम वाकताय तुम्ही."

"म्हनजे ती वाकनार आनि मी ताठ?"

"हो. तेवढ्यापुरतं."

"नाय जमायचं गो." तो पालखीबरोबर खाली गेला, वर आला. "घरनं ठरवून आलोय. आदी आपनच वाकायचं. तुज्या सासरची मानसं हायत ती, तुजी मान खाली जाता कामा नये."

मी समोर पाहिलं. चंदूकाका त्या वयात गुडघे टेकायला आलेले, धाप लागलेली, आणि त्यांची नजर माझ्यावरच होती. ते काय ठरवून आले होते हे मला त्या नजरेत दिसलं. सूनबाईच्या माहेरची देवी. आधी आपण.

"दादा, तेही ठरवूनच आलेत," मी म्हटलं. "तुझ्यासारखंच. म्हणून तर हे झालंय."

त्याने चंदूकाकांकडे पाहिलं. दोघांची नजरानजर झाली आणि दादाच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेलं.

"मग तो काय थांबायचा नाय," दादा म्हणाला.

"नाही थांबायचे. म्हणून तू थांब. ते मान देतायत तर घे, दादा. अर्धा ठोकाच घ्यायचाय."

मान देण्यासाठी तो तयारी करून आला होता. घ्यायची तयारी त्याच्याकडे नव्हती, कुणाकडेच नव्हती, आणि माझ्या जुळ्याच्या गणितात तर हे मुळीच नव्हतं. फळी पुन्हा वर आली, आणि शेजारच्या एका बाईने घाबरून माझा दंड धरला. पट्टी नारिंगी झाली. दादाने मोकळा हात वर केला. त्याच्या ढोलवाल्याचं टिपरं हवेत थांबलं.

समोरचा ठोका पडला. नवलाई वाकली, आणि सोमजाई तिच्यासमोर उंच, तशीच उभी राहिली. खारशेतच्या माणसांना काय करावं कळेना, काहींनी खाली पाहिलं. दादा ताठ उभा होता, ओठ दाबून, जणू कुणीतरी त्याला सगळ्यांदेखत हार घातला होता. मग नवलाई उठू लागली, दादाने हात खाली आणला, त्याचा ढोल वाजला आणि सोमजाई वाकली. आता नवलाई वर होती. पुन्हा नवलाई, पुन्हा सोमजाई. दोन ढोलांचे ठोके एकमेकांच्या मोकळ्या जागेत नीट बसत गेले आणि गावांनी आपापल्या ढोलाचा ठोका धरला.

पूल लगेच शांत झाला नाही. आधीचं विसरायला त्याला थोडा वेळ लागतो. मग फळीचं उचलणं कमी झालं, आणखी कमी झालं, आणि पट्टी नारिंगीची पिवळी, पिवळीची हिरवी झाली. शेजारच्या बाईने माझा दंड सोडला आणि नाचायला लागली. आपण कशातून वाचलो हे तिला किंवा कुणालाच कळलं नाही. जुळ्याने पुढच्या मिनिटांत डोकावून पाहिलं असेल, त्याला सांगण्यासारखं काही दिसलं नसेल, म्हणून तो गप्प राहिला. दोन गावं माझ्या दोन्ही बाजूंना नाचत होती आणि मधोमध मी कठड्यावर तळहात ठेवून उभी होते. कठडा जेमतेम थरथरत होता.

पुढे सोमजाई उंबरवण्याकडे निघाली. पूल संपून जांभ्या दगडाची वाट सुरू होते तिथे दादाने आपला खांदा दुसऱ्या माणसाला दिला आणि बाजूला झाला. पालखी पुढे गेली, गर्दी तिच्यामागे गेली. चंदूकाका जाताना त्याच्या पाठीवर थाप मारून गेले, त्यांना अजून धाप लागलेली होती. दादा फळ्यांच्या शेवटी उभा राहून समोरच्या घरांकडे पाहत होता. एकेका छपरावरून त्याची नजर फिरत होती. मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"यातलं कंचं गो तुजं घर?" त्याने विचारलं.

हे मला इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं होतं ते यानेच. मग मी त्याचा हात धरला आणि वाट दाखवत पुढे चालू लागले.